बोटभर उंची

माझा धाकटा भाऊ कुठल्याही गोष्टीचा कीस पाडतो. गाडीला मोठे टायर घालायचं ठरल्यावर तर तो रोज माझ्या दुकानात ठाण मांडून बसू लागला. टायरचं दुकान चालवते मी आणि अक्कल शिकवतो तो.

हा सगळा खटाटोप आईबाबांसाठी होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबा दोन वर्षं गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात अंथरुणाला खिळलेले. फोनवर त्यांना काही उमगायचं नाही. आई दर रविवारी त्यांच्याकडे जायची. आठवड्यातले तेवढे दोन तासच ती जगते, असं मी म्हटलं तर ती मला झापेल, पण खरं ते खरं. खाणीच्या ट्रकांनी तिकडच्या रस्त्याची पार चाळण केली होती. चाकोऱ्या खोल गेल्या आणि मधला उंचवटा गाडीचं पोट खरवडायला लागला. लागोपाठ दोन रविवार आम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरलो. बाबांचे आता थोडेच दिवस उरलेत, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"गाडीत कापाकापी नको, सस्पेन्शनला हात लावायचा नाही," धाकटा म्हणाला. "फक्त टायर बदल."

"मग व्यास फार तर चार सेंटिमीटर वाढेल. म्हणजे गाडी उचलली जाणार दोनच."

"बोटभर?"

"बोटभर. उंचवट्यावरून सुटायला तेवढं पुरतं."

त्याच रिमवर बसेल असं एक माप मी काढलं. पण टायर नुसता बसून भागत नाही, तो कुठे घासायला नको. त्यासाठी मी चाकावरच्या पोकळीत आतून खडू फासते, गाडीत वजन भरते, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवत गाडी खड्ड्यांतून काढते आणि मग टायरला खडू लागलाय का ते बघते. वजन म्हणून वाळूची पोती. रविवारी गाडी धाकटा चालवतो, म्हणून एक त्याच्या शेजारी, माझ्या जागी ("तुझ्या जागी दोन ठेव," इति धाकटा) आणि एक मागच्या सीटवर, आईच्या वजनाचं. गुडघेदुखीत तिला कशाला दुकानापर्यंत दामटायचं, असा आम्ही विचार केला. खडू कुठेच लागला नाही. आम्ही एकमेकांना टाळी दिली.

रविवारी सकाळी आई बाबांचे धुतलेले कपडे पिशवीत घालून बाहेर आली. मागचं दार उघडून तिने पाय उचलला. तो पोचला नाही. पुन्हा उचलला, तरी नाही.

"थांब, मी उचलून बसवतो," धाकटा म्हणाला.

"मी काय पोतं आहे?" आई फिस्कारली. आमच्या पोत्यांबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्टूल आणायला मी आत वळले आणि मागे धप्पकन आवाज झाला. दाराच्या वरची मूठ धरून तिने स्वतःला वर ओढलं होतं आणि पाय निसटून ती खाली पडली होती. कित्येक महिने ती अशीच चढत होती, पाय जेमतेम टेकायचा, हे तिने मला दवाखान्यात सांगितलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन महिने तरी तिला प्रवास नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईने भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, "त्यांना कोण सांगणार?"

मी धाकट्यावर खेकसले, पण चूक माझीच होती. जन्मभर मी मापं घेत आले आणि आईचा पाय किती उचलतो हे मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच गेलो. त्या रस्त्यावर गाडी कुठेही घासली नाही. मला तिची शिसारी आली.

बाबांनी माझ्यामागे दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ती?" त्यांनी विचारलं.

"गुडघा दुखतोय, बाबा. येईल पुढच्या रविवारी," मी थाप मारली.

ते विचारात पडले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मग... मीच येतो." चालत्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि उठायला जोर लावला. धाकटा खिडकीकडे तोंड फिरवून उभा राहिला. मी हात ताठ धरला. बाबा ओढत राहिले.