हरवलेल्या मिरचीचा वास

मित्रांनो, स्वयंपाकघरात खिडकीखाली जो काळा, जडशीळ दगडी खलबत्ता दिसतो ना, तो मी. एका पाथरवटाने मला घडवले आणि या घरच्या सासूबाईंनी दोन्ही हातांनी उचलून घरी आणले.

त्या माझ्यात एक सुरकुतलेली, काळपट मिरची कुटत. ती बेताची तिखट, किंचित गोड आणि धुराच्या वासाची होती. "या दगडाची सर कशालाच नाही," असे त्या म्हणत, तेव्हा मी सुखावून जाई.

पुढे त्या गेल्या. मिक्सर आला आणि मी दाराला अडसर म्हणून पडून राहिलो.

मग सासरे आजारी पडले. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली. ताट तसेच परत येई. एके दिवशी ते सुनेला म्हणाले, "तुझ्या सासूच्या हातचं ते वाटण असतं, तर दोन घास गेले असते."

सून शिवणकाम करणारी. मशीन बंद करून ती बाजारात गेली. परत आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "ती मिरची आता कुणी पिकवतच नाही. दुकानदार म्हणतो, तिखट हवी तर ही न्या. अरे, तिखट नकोय, मला तो वास हवाय!"

पण ती हार मानून बसली नाही. रंगासाठी तिने मोठी, सौम्य लाल मिरची घेतली. तिखटपणासाठी एक लवंगी, तीही बिया झटकून. गोडीला चार काळे मनुके. पहिल्यांदा मिरच्या करपल्या, वाटण कडू झाले. तिने ते टाकून दिले. पुन्हा मंद आचेवर भाजल्या, झाकणाखाली निखारा ठेवून धुरी दिली. मिक्सरमध्ये वास उडेल म्हणून मला घासूनपुसून घेतले. किती दिवसांनी माझ्या पोटात बत्त्याचा ठोका पडला!

सासऱ्यांनी मऊ भाताबरोबर बोटभर वाटण चाखले.

"ही ती मिरची नाही."

सुनेचा चेहरा उतरला.

"पण झकास झालंय. हे तुझं आहे, सूनबाई. वाढ अजून थोडा भात."

मित्रांनो, बत्ता पुष्कळ हातांत पाहिला, पण एवढ्या मायेने चव शोधणारा हात विरळाच. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला साबण लावू नका, साध्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. आणि कुणाचे ताट भरलेले परत आले, तर रागावण्याआधी जवळ बसून विचारा, "काय खावंसं वाटतंय?"