थोरल्यांची पाठ

देशातल्या कुठल्याही पोराला चित्र काढायला बसवा. ते डोंगर काढील, सूर्य काढील आणि मधोमध थोरले काढील. थोरले म्हणजे राष्ट्रीय स्मारक. हे नाव मागच्या गल्लीने ठेवलेलं. सरकारी नाव इतकं लांबलचक आहे की ते पुरतं म्हणेपर्यंत माणूस स्मारकाला एक वळसा घालून येईल. थोरले नाण्यावर आहेत, तिकिटावर आहेत, काडेपेटीवरही आहेत. पायऱ्या, खांब, कमान, कमानीवर उधळलेले घोडे, सगळा थाट पुढून. पाठीमागे काय आहे हे कुठल्या काडेपेटीने आजवर दाखवलेलं नाही.

पाठीमागे एक भिंत आहे. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, खिडकी नाही की नक्षी नाही. बांधणाऱ्यांचा उत्साह पुढच्या घोड्यांवरच संपला असावा. त्या भिंतीसमोर एक अरुंद गल्ली, आणि गल्लीत तळमजल्यावर, बरोबर भिंतीकडे तोंड केलेल्या एका खोलीत वहिनी रफू करायच्या.

वहिनी या फक्त एका माणसाच्या वहिनी होत्या, पण हाक सगळी गल्ली तीच मारायची. त्यांच्या सासूने त्यांना हा हुन्नर शिकवला आणि सोबत दोन नेम घालून दिले. एक म्हणजे, शिवणीतून दोरा उपसून रफू करायचं नाही. आतला दोरा कोरा असतो, बाहेरचं कापड विटलेलं असतं, तेव्हा रंग आपल्या रिळांतून आपल्या नजरेने जुळवायचा. दुसरं म्हणजे, रंग जुळवायचा तो या खिडकीशीच. उन्हात नेलं की सगळं भडक दिसतं आणि दिव्याखाली सगळं पिवळं. वहिनींनी हे दोन्ही नेम असे पाळले की त्यांनी केलेलं रफू शोधायला गिऱ्हाइकाला बोट फिरवून बघावं लागे, आणि बोटालाही ते सापडत नसे. या एका गोष्टीचा वहिनींना भारी तोरा होता. तो त्यांना शोभायचाही.

दुसरी गोष्ट म्हणजे थोरल्यांविषयीची चीड. ती मात्र सगळ्या गल्लीची होती, वहिनींच्या तोंडाला फक्त धार जास्त. भिंतीच्या शोभेला बाध येतो म्हणून गल्लीत खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. छज्जा काढायचा नाही, वर मजला चढवायचा नाही. खिडक्यांना रंग पांढराच. राष्ट्रीय दिवस आला की दोन्ही टोकांना लाकडी अडसर, आणि मोठे पाहुणे फुलं वाहून निघून जाईपर्यंत गल्लीतल्या माणसाने आजारीसुद्धा पडायचं नाही.

"एवढा डोंगर उभा केला, त्यात एक माणूस राहत नाही," वहिनी म्हणायच्या. "कबूतरं राहतात. कबूतरांसाठी केलं म्हणा ना सरळ! उगाच हुतात्म्यांना कशाला मध्ये घालता?"

हे त्या भाऊजींना म्हणायच्या. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. राहायला वरच्या खोलीत, जेवायला वहिनींकडे, आणि नोकरीला थोरल्यांच्या पदरी. ते स्मारकावर गाईड होते. निळा कोट घालून दिवसभर परक्यांना घोड्यांच्या शेपट्या दाखवायच्या आणि त्या शेपट्यांविषयी काहीबाही सांगायचं.

"वहिनी, फायदेही बघा की जरा," भाऊजी घास घेता घेता म्हणायचे. "औषधवाल्याच्या डोकेदुखीच्या गोळ्या कोण विकत घेतं? पायऱ्या चढून आलेली माणसंच ना?"

"डोकं दुखवायचं तुमच्या थोरल्यांनी आणि गोळ्या विकायच्या आपण. वा रे फायदा! भात घ्या अजून."

"आणि मागची भिंत कोरी का ठेवली माहीत आहे? शिल्पकार म्हणाला, पुढचा भाग राष्ट्राला, मागची भिंत गल्लीतल्या कारागिरांना. त्यांना उजेड मिळावा म्हणून."

"असं शिल्पकार म्हणाला?"

"नाही, मी म्हणतो," भाऊजी हसायचे. "लोकांना आवडतं. एक बाई तर रडली."

वहिनी कपाळावर हात मारून घ्यायच्या. आयुष्यभर थापा मारून माणूस इतका आनंदी कसा राहतो, हे कोडं त्यांना कधी सुटलं नव्हतं.

मग थोरल्यांची डागडुजी निघाली. चारी बाजूंनी परांची चढली, परांचीवर हिरवी जाळी आली, आणि एका सकाळी वहिनींच्या खिडकीसमोरची पांढरी भिंत गडप झाली. वहिनींनी दारात उभं राहून टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. "चला, तोंड नाही तर नाही, पाठ तरी झाकली मेल्याने," असं म्हणून त्या कामाला बसल्या.

पहिली तक्रार आली ती एका व्हायोलिनवाल्याची. काळा कोट घेऊन तो परत आला. खांद्यावरचं रफू मंचाच्या दिव्यात तांबूस दिसतं म्हणे. वहिनींनी कोट खिडकीशी धरला. काळ्यावर काळं, नजरेला काही लागेना.

"मंचावरचे दिवे बदला," त्यांनी त्याला सांगितलं.

मग एका शिक्षिकेची शाल परत आली. मग करड्या विजारी. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणे, तांबूस. प्रत्येक वेळी वहिनी खिडकीशी धरून बघत आणि गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावत. रिळवाल्याला त्यांनी भामटा ठरवलं, धोब्याला आंधळा. पण गिऱ्हाइकं येईनाशी झाली तशी त्यांनाही शंका येऊ लागली. सगळेच खोटं बोलतील कसे?

वहिनींची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती आली, शाल हातात घेतली, गल्लीच्या तोंडाशी जाऊन उन्हात धरली आणि घडी घालून परत आणली.

"आई, डोळे गेले तुझे," ती म्हणाली. "त्यात लाजायचं काय? एवढं वय झालं. खोली देऊन टाकू आणि तू माझ्याकडे ये. मुलं आहेत, तुझा वेळ जाईल."

"वेळ घालवायला मी काय बागेतलं बाकडं आहे?"

"डॉक्टरला दाखव. तो म्हणाला डोळे ठीक, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण रफू असंच होत राहिलं तर महिनाअखेर मी सामान न्यायला येणार."

डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने डोळे उत्तम. वहिनींना बरं वाटायला हवं होतं. पण डोळे उत्तम आणि रफू तांबूस, म्हणजे हुन्नरच हातातून गेला की काय? त्या रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. भाऊजींनी विचारलं तर त्यांनी भाऊजींनाच झापलं. भाऊजींचा निळा कोट वहिनींनी मागच्याच महिन्यात पाठीवर रफू करून दिला होता. "तुमची काही तक्रार?" त्यांनी विचारलं होतं. "छे!" भाऊजी म्हणाले होते. "कुठे केलंय तेच सापडत नाही." एवढ्या एका वाक्यावर वहिनींनी तो महिना काढला होता.

अशात स्मारक कार्यालयाने सभा बोलावली. विषय होता, राष्ट्रीय स्मारकाचे परिसराला होणारे फायदे आणि तोटे. खरी मेख अशी होती की पुढचे घोडे घासून घासून पैसा संपला होता. मागच्या भिंतीला हात न लावता तिच्यावरची जाळी कायमची ठेवायची आणि जाळीवर स्मारकाचं मोठं चित्र छापायचं, असं वर ठरलं होतं. स्मारक झाकायचं ते स्मारकाच्याच चित्राने! ही अक्कल पगार घेतल्याशिवाय सुचत नाही. मोबदल्यात गल्लीवरचे सगळे नियम उठणार होते. भिंतच दिसणार नाही म्हटल्यावर शोभा कसली बिघडते? कपडे वाळत घाला, छज्जे काढा, मजले चढवा.

गल्लीला आकाश ठेंगणं झालं. औषधवाल्याने तर वरच्या मजल्याचा नकाशाही काढून घेतला. फक्त स्मारक कार्यालयाच्या साहेबांसमोर कुणीतरी तोटे असे वाजवून सांगायला हवे होते की जाळीवर शिक्कामोर्तब होईल. ते कोण सांगणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही.

सभा थोरल्यांच्या पुढच्या अंगणात होती, भर दुपारी. वहिनी कित्येक वर्षांत पुढे आल्या नव्हत्या. साहेब टेबलामागे बसले होते, गल्ली समोर उभी होती आणि भाऊजी बाजूला परक्यांच्या घोळक्याला शेपट्या समजावत होते. वहिनी पुढे झाल्या. घसा साफ केला. "साहेब, तोटे सांगायला उभी राहिले तर तुमची ही दुपार पुरणार नाही," त्यांनी सुरुवात केली आणि गल्ली खूश होऊन हसली.

तेवढ्यात भाऊजी वळले. त्यांची पाठ वहिनींकडे आली.

निळ्या कोटावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, वांग्याएवढा जांभळा डाग होता. उन्हात तो चक्क चमकत होता. घोळक्यातल्या दोघी एकमेकींना कोपराने ढोसून हसत होत्या. महिनाभर हा माणूस ते वांगं पाठीवर घेऊन देशोदेशीच्या लोकांसमोर मिरवत होता.

"थांबा, आलेच," वहिनी साहेबांना म्हणाल्या. सरळ जाऊन त्यांनी भाऊजींचं मनगट धरलं आणि घोळका, शेपट्या, राष्ट्र सगळं तिथेच सोडून त्यांना ओढत मागे गल्लीत, आपल्या खोलीत आणलं. "फिरा," त्या म्हणाल्या. खिडकीशी कोट निळाच्या निळा. डागाचा मागमूस नाही. त्यांनी भाऊजींना परत ओढून गल्लीच्या तोंडाशी उन्हात उभं केलं. वांगं हजर. परत आत. गायब.

वहिनींनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर हिरवी जाळी होती. खोलीतल्या भिंतीवर, रिळांच्या पेटीवर, त्यांच्या स्वतःच्या हातांवर हिरवट सावट होतं. इतके दिवस ते त्यांना दिसलं नव्हतं, कारण त्या फक्त कापडाकडे बघत होत्या. त्या हिरव्यात जांभळा दोरा निळा दिसत होता आणि तांबूस दोरा काळा. ज्या उजेडाला त्या जन्मभर आपल्या खिडकीचा उजेड म्हणत आल्या, तो खिडकीचा नव्हताच. तो त्या मेल्या भिंतीवरून येत होता.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

भाऊजी कोटाची बटणं चाचपत राहिले. "लोक हसायचे तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमचे डोळे गेले. सांगायचं असेल तर दुसरं कोणीतरी सांगू दे, वहिनी. मी कशाला सांगू?"

वहिनींना राग आला असता तर त्यांना जमलं असतं. राग त्यांच्या सवयीचा होता. पण त्यांना शरम वाटली आणि त्याहूनही जास्त माया आली, आणि या दोन्हींचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या भाऊजींचा कोट नीट करत म्हणाल्या, "शहाणेच आहात," आणि सभेला परतल्या.

"हं, तोटे," साहेब म्हणाले.

"तोटे आहेतच. पण जाळी काढा."

औषधवाल्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "वहिनी, जाळी राहू द्या असं म्हणायचंय तुम्हाला," त्याने आठवण करून दिली.

"मला काय म्हणायचंय ते मला कळतं. भिंत उघडी करा. ती उघडी नसेल तर मला काम करता येत नाही."

"म्हणजे बाई," साहेब पुढे झुकले. त्यांच्या नोकरीत या गल्लीतून कौतुकाचा शब्द कधी आला नव्हता. "स्मारकाचा तुम्हाला फायदा होतो?"

मागून कुणीतरी "फितूर!" असं म्हणालं. समोर घोडे उधळले होते, पहिल्यापेक्षा जास्त घासलेले आणि तितकेच मूर्ख.

"होतो," त्या म्हणाल्या. "पाठीचा. तोंडाचं तुमचं तुम्ही बघा."

साहेबांना तेवढं पुरलं. स्मारकामुळे एका कारागीर विधवेचं पोट भरतं, ही गोष्ट त्यांनी वर अशी काही रंगवून सांगितली की वरच्यांना भरून आलं आणि पैसा कुठूनतरी निघाला. जाळी उतरली, भिंत धुतली गेली. लेक महिनाअखेर आली ती रिकाम्या हाताने परत गेली. वहिनींनी भाऊजींचं वांगं उसवून नव्याने रफू केलं, आणि ते पुन्हा कुणाच्या बोटाला सापडलं नाही. गल्लीचे मात्र छज्जे गेले, मजले गेले, कपडे आतच वाळत राहिले. औषधवाला आता वहिनींना गोळी देतो, पण बोलत नाही.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण भाऊजींना नवीन विषय मिळाला.

आता ते घोळका घेऊन घोड्यांपाशी थांबत नाहीत. थोरल्यांना वळसा घालून त्याला मागे आणतात, थेट खिडकीसमोर. "शिल्पकार म्हणाला होता," ते आवाज चढवून सांगतात, "मागची भिंत गल्लीतल्या कारागिरांना. आणि ह्या बघा!" माणसं खिडकीत दाटी करतात, टाचा उंच करून वहिनींच्या हातांकडे बघतात. वहिनींना खिडकी लावता येत नाही, कारण लावली तर उजेड जातो. पहिल्या दिवशी त्या मान वर न करता खेकसल्या, "बाजूला व्हा, उजेड अडतोय!" लोक इतके खूश झाले की दुसऱ्या दिवसापासून भाऊजी घोळक्याला आधीच सांगून आणू लागले, की आता त्या काय म्हणतील ते नीट ऐका.

एक दिवस वहिनींनी हट्टच धरला. तोंडातून शब्द काढायचा नाही. घोळका आला, दाटला, थांबला. वहिनींनी सुईत डोकं घातलं. घोळका वाट बघत राहिला. लांबून आले होते, ऐकल्याशिवाय जाणार कसे? हातातलं कापड काळोखं झालं, दोरा दिसेना, आणि खोळंबलेल्या माणसांत मागून आणखी माणसं येऊन मिळाली.

"बाजूला व्हा," शेवटी वहिनी म्हणाल्या. "उजेड अडतोय."

बाहेर टाळ्या पडल्या.