बेल वाजवू नये

सकाळी दारावर टकटक झाली तेव्हा दिगंबर खांबेट्यांच्या मनात पहिला विचार आला तो चोराचा आणि दुसरा वर्गणीवाल्यांचा. चोर टकटक करून येत नाहीत आणि वर्गणीवाले इतक्या लवकर उठत नाहीत, हे ध्यानात आल्यावर त्यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. समोरच्या फ्लॅटमधले अनंत वर्तक हातात दुधाची पिशवी घेऊन उभे होते. पिशवी खांबेट्यांचीच होती. दूधवाला ती रोज त्यांच्या कडीला अडकवून जायचा.

"दिगंबर, दूध बाहेरच आहे रे तुझं. मांजर तोंड घालेल," वर्तक म्हणाले. "आणि चहा टाकायला सांग. दाढी करून आलोच."

दहा-अकरा वर्षं ज्या माणसाशी एका अक्षराचं बोलणं नव्हतं, तो हे बोलत होता, आणि तेही काल संध्याकाळीच भेटल्यासारखं.

खांबेट्यांनी पिशवी घेतली, दार लावलं, साखळी घातली आणि पिशवी खिडकीशी नेऊन उजेडात सगळीकडून फिरवून पाहिली. सुईचं भोकबिक काही दिसलं नाही. तरीही त्यातलं थोडं दूध त्यांनी बशीत ओतून सोसायटीच्या मांजरीपुढे ठेवलं. मांजरीने ते चाटूनपुसून संपवलं आणि आणखी हवं म्हणून पायांत घोटाळायला लागली. मांजरांना उशिराही बाधू शकतं, असं खांबेट्यांचं म्हणणं पडलं. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी त्या दुधाचा चहा केला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कपभर प्यायल्या.

त्यात खांबेट्यांचा तरी काय दोष? सगळी नोकरी लष्कराच्या हिशेबाच्या कचेरीत इतरांची प्रवासभत्त्याची बिलं तपासण्यात गेलेली. एखादा माणूस खरोखरच प्रवासाला गेला असेल, यावर निवृत्त होईपर्यंत त्यांचा विश्वास बसला नव्हता. एका वर्तकांवर तेवढा होता. वर्तक शाळेत भूगोल शिकवायचे. कोथरूडला निम्मी शेतं होती तेव्हा दोघांनी मिळून या सोसायटीत जागा घेतल्या, त्याही मुद्दाम समोरासमोरच्या. सकाळी दोघं बरोबर टेकडी चढायचे. खांबेट्यांच्या शुभदाला लहानपणी फिट यायच्या. अशीच एकदा शाळेत आली तेव्हा तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारे वर्तकच होते.

आणि शुभदाचं लग्न मोडणारेही तेच, असं खांबेट्यांचं ठाम मत होतं. स्थळ चांगलं होतं, मुलगा इंजिनियर. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पसंती कळली. मग रीतीप्रमाणे मुलाचा काका शेजारीपाजारी चौकशीला आला तो वर्तकांच्या घरात शिरला, अर्ध्या तासाने बाहेर पडला आणि त्याच आठवड्यात नकार आला. मुलीला फिट येतात हे आमच्यापासून का लपवलंत, एवढंच फोनवर विचारलं. खांबेट्यांच्या हिशेबी फिटचं ठाऊक असलेलं बाहेरचं माणूस एकच होतं. खांबेट्यांनी बेरीज केली आणि उत्तराखाली रेघ मारली. वर्तकांना त्यांनी काही विचारलंदेखील नाही. पेंटरकडून पत्र्याची एक पाटी रंगवून घेतली आणि स्वतःच्या दारावर स्क्रूने बसवली. तिच्यावर लिहिलं होतं: 'दुसऱ्याच्या घरातील गोष्टी गावभर करणाऱ्यांनी या दाराची बेल वाजवू नये.'

वर्तक दार उघडायचे तेव्हा ती पाटी बरोबर त्यांच्या नाकासमोर यायची. जागाच तशी निवडली होती. अक्षरं फिकी व्हायला लागली की खांबेटे दिवाळीच्या आधी स्वतः ब्रश घेऊन पाटी पुन्हा रंगवायचे. वर्तकांनी उलट पाटी लावली नाही की शब्दाने जाब विचारला नाही, आणि खांबेट्यांच्या लेखी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होता.

आणि आता हे दूध. चार दिवसांनी पेरू आले. मग एकदा वर्तक काठी घेऊन टेकडीवर बोलवायला आले. दर वेळी दारावर बोटांनी हलकेच टकटक. ही चोरटी टकटकच खांबेट्यांना जास्त खटकत होती. सरळ माणूस बेल वाजवतो. पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती, तेव्हा मत हवं असणार. किंवा गच्चीवरच्या टाकीचं काहीतरी असणार. खांबेटे भिंगाला डोळा लावून तासन्तास उभे राहू लागले, आणि मंदाकिनीबाईंनी तिथे स्टूल आणून ठेवलं.

"माणूस गोड बोलतोय तर बोलू दे ना," त्या म्हणाल्या.

"फुकट कोणी गोड बोलत नाही," खांबेटे म्हणाले.

एके दिवशी मात्र वर्तकांनी जिन्यातच विचारलं, "काय रे, शुभदा आली का शाळेतून?" खांबेट्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुभदा नाशिकला दोन मुलांची आई होती. पुढे तिला चांगलं स्थळ मिळालं खरं, पण त्याआधी ती वर्षभर घरात तोंड मिटून वावरली होती, आणि हा माणूस नेमकं तिचंच नाव काढत होता. ते काही बोलणार तोच वर्तकांची नजर पाटीवर गेली. त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि अगदी मनापासून हसले.

"झकास आहे. पण कोण रे हा हरामखोर? फारच त्रास दिलेला दिसतोय तुला."

हा टोमणा खांबेट्यांना सहन होणं शक्य नव्हतं. वर्तक जिना उतरून फाटकाशी जाईपर्यंत ते थांबले आणि मग समोरच्या दाराची बेल त्यांनी दाबूनच धरली.

श्यामलावहिनींनी दार उघडलं. "या, खांबेटेसाहेब. वाजवा हवी तेवढी. आमच्याकडे बेल वाजवलेली चालते."

खांबेटे आत जाऊन खुर्चीत बसले आणि एका दमात सगळं बोलून गेले. दूध झालं, पेरू झाले, आता थट्टाही झाली; तुमच्या यजमानांना मत हवं असेल तर तसं सरळ मागायला सांगा.

"त्यांना काही नकोय," वहिनी म्हणाल्या. "त्यांना आठवत नाही."

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. जुनं सगळं शाबूत होतं, पण अलीकडची वर्षं पुसली जात होती. मागच्या आठवड्यात भाजी आणायला म्हणून गेले आणि थेट कात्रजला जाऊन पोचले. कंडक्टर भला होता म्हणून परत आले. नोकरी संपलेली त्यांना आठवत नव्हती, आणि शुभदा त्यांच्या हिशेबी अजून शाळेत होती.

"म्हणजे भांडण विसरला तो?"

"भांडण विसरले. तुम्ही मात्र आठवता. आमचं नशीब."

खांबेट्यांना आधी वाईट वाटायला हवं होतं. पण वाटला तो राग. इतकी वर्षं ते एका गोष्टीची वाट पाहत होते. एक दिवस वर्तक मान खाली घालून येणार, चुकलं म्हणणार, मग आपण थोडा वेळ गप्प बसणार आणि शेवटी, जाऊ दे, म्हणणार. ते 'जाऊ दे' त्यांनी मनात किती वेळा म्हणून पाहिलं होतं. आता ते ज्याला म्हणायचं तो उरलाच नव्हता.

"सुटला म्हणायचा," ते पुटपुटले. "करून सवरून मोकळा झाला."

वहिनी निवडत असलेली मेथी तशीच ठेवून उभ्या राहिल्या. "काय करून? तो मुलाचा काका याच खुर्चीत बसला होता. मी पोहे दिले. हे म्हणाले, मुलगी गुणाची आहे, बाकी काय विचारायचं ते तिच्या वडलांना विचारा. मग अर्धा तास त्याला जगाचा भूगोल शिकवला. दुसरं अक्षर बोलले नाहीत. मी इथेच उभी होते."

"मग त्यांना सांगितलं कोणी?"

"ते शुभदाला विचारा. मी तिला शब्द दिलाय, आणि आमच्या घरात शब्द पाळतात."

खांबेटे घरी आले ते मनाशी ठरवूनच, की नवऱ्याची बाजू बायको घेणारच. पण हात फोनकडे गेला. त्यांनी शुभदाला आडवळणाने विचारून पाहिलं, मग सरळ विचारलं.

"मीच सांगितलं बाबा," शुभदा म्हणाली. "मी त्या मुलाला कॉलेजबाहेर भेटले आणि सगळं सांगितलं. पाहुणे आले त्या दिवशी तुम्ही माझ्या गोळ्या बडीशेपेच्या डब्यात लपवल्यात. आई तोच डबा घेऊन पाहुण्यांपुढे निघाली आणि तुम्ही तो तिच्या हातातून हिसकावलात. आठवतंय? तुमचा चेहरा बघितला मी तेव्हा. म्हटलं, असा डबा लपवत मला जन्म काढायचा नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. आधी वर्तककाका-काकूंना सांगितलं. काका म्हणाले, थांब. तुझा बाप माझ्यावर चिडला तर फार फार तर दार लावून घेईल. तुझ्यावर चिडला तर तू कुठे जाशील? त्यांना वाटलं होतं, चार दिवसांत तुमचा राग जाईल. तुम्ही पाटी लावलीत. मग जसजसे दिवस गेले तसतसं मला तोंड उघडणं कठीण होत गेलं. चूक माझीही आहे, बाबा."

चुका वाटून घ्यायला मुलगी तयार होती, पण खांबेट्यांना आपला वाटा कुठे संपतो ते दिसेना. त्यांनी तिला विचारलं, ती अजून रागावलेली आहे का. तो राग केव्हाच गेला, ती म्हणाली. माझ्या गोळ्या आता जेवणाच्या टेबलावर असतात, आल्यागेल्यासमोर घेते. तुम्ही काकांचं बघा.

खांबेट्यांना लाज वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी वाटली. लग्न कोणी मोडलं याचा शोध त्यांनी घेतलाच नव्हता. त्यांना आपला डबा झाकायला एक माणूस हवा होता, आणि जवळचा म्हणून वर्तक सापडला होता.

दुपारी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराबाहेर बसले. दर दिवाळीला रंग देऊन देऊन स्क्रू रंगातच बुजले होते. खुडबूड ऐकून वर्तक बाहेर आले. खांबेटे कसेबसे उभे राहिले.

"अनंता, मी तुझा अपराधी आहे. मला माफ कर."

वर्तकांनी डोळे बारीक केले. "काय पाहिजे तुला?"

"काही नको."

"काही नको कसं? तू इतकं गोड बोलायला लागलास म्हणजे काहीतरी आहे. चेअरमन व्हायचंय का?" खांबेट्यांचे डोळे भरलेले पाहून ते जरा वरमले. "बरं बाबा, केलं माफ. कशाबद्दल ते सवडीने सांग. आणि तो स्क्रू उलटा फिरवतोयस, दे इकडे."

पाटी वर्तकांनीच काढली. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. मिळालेली माफी दिवे लागायच्या आत नाहीशी झाली होती.

खांबेटे वहिनींकडे गेले. रोज येऊन रोज माफी मागेन, म्हणाले.

"आणि रोज त्यांना कोड्यात पाडणार?" वहिनी म्हणाल्या. "ते ओझं तुमचं आहे, तुम्ही वाहा. सकाळी त्यांना टेकडीवर न्या आणि न हरवता परत आणा. माझा राग आहे तसा आहे. मी काही विसरलेले नाही. मला वेळ लागेल."

रात्रभर खांबेटे कूस बदलत राहिले. स्वतःला माफ करणं म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं. बिलावर सही करून ते मोकळं करता येतं, तसं काही हे दिसत नव्हतं. वहिनींनी सांगितलेलं काम मात्र कळण्यासारखं होतं, म्हणून पहाटेच उठून त्यांनी बूट घातले आणि भिंगाला डोळा न लावता दाराशी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने टकटक झाली. तशीच, बोटांनी, हलकेच. खांबेट्यांनी दार उघडलं. वर्तक काठी घेऊन उभे होते. दारावर पाटीच्या जागी चार भोकं आणि लाकडाचा स्वच्छ चौकोन उरला होता.

"अनंता, बेल आहे की. बेल वाजवावी."

वर्तकांनी बेलच्या बटणाकडे पाहिलं, हात थोडा उचलला आणि परत खाली घेतला.

"नको. या दाराची बेल वाजवायची नसते."

"कोणी सांगितलं?"

वर्तक विचारात पडले. "ते नाही आठवत," ते म्हणाले. "पण नसते वाजवायची."

खांबेटे उंबरा ओलांडून बाहेर आले, वर्तकांच्या शेजारी उभे राहिले आणि दार त्यांनी मागे हात करून ओढून घेतलं. मग वर्तकांचं बोट हातात धरून बटणावर टेकवलं आणि दाबलं. आत बेल वाजली. वर्तक दचकले आणि आता कोणी रागावेल की काय म्हणून दाराकडे पाहत राहिले.

"कोण आहे?" मंदाकिनीबाईंनी आतून विचारलं.

"आम्ही दोघं आहोत," खांबेटे म्हणाले. "चहा टाक."