माणूस वाटेतच आहे

मी एक शिट्टी बोलतेय. वाजत नाहीये, नुसती बोलतेय. वाजायला दुसऱ्याचा श्वास लागतो आणि तो सध्या माझ्या नशिबात नाही.

सरकारी पोहण्याच्या तलावावर मी आले ती एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून. आम्ही चौघी बहिणी होतो, नारिंगी रंगाच्या, काळ्या दोरीच्या. तलावाच्या काठावर उंच खुर्च्याही चारच होत्या. करार तसाच होता: तलाव सरकारचा, जीवरक्षक ठेकेदाराचे, आणि पाण्यात माणसं असेपर्यंत चारही खुर्च्यांवर कुणीतरी बसलेलं हवं.

ठेकेदाराने माणसं पाठवली दोन. त्यातला एक खोकं उघडायच्या आधीच दुसरीकडच्या कामावर हलवला. उरली ताई. मी तिच्या गळ्यात पडले आणि बहिणी खोक्यातच राहिल्या.

ताई चाळिशीची, सडसडीत, केस घट्ट बांधलेली. घरी एकटी होती. एक बहीण होती, ती दूरच्या शहरात. सकाळी मी तिच्या छातीवर टेकायचे तेव्हा मला तिचे ठोके ऐकू यायचे. पाण्यात कुणी नसलं की संथ, आणि मुलींचा वर्ग उतरला की भरभर. ओल्या फरशीवरून कुणी धावलं की ती मला ओठांशी न्यायची आणि अगदी हलकेच फुंकायची. रागवायचीसुद्धा ती हळू आवाजात. माणसंही गमतीची. पाण्यात उडी मारताना शूर, पण आधी पायाचा अंगठा बुडवून बघणार. पोट आत ओढून काठावर उभी राहणार आणि पाण्यात गेली की सोडून देणार. हे सगळं मी तिच्या गळ्यातून पाहिलं. तेवढं सुख मला पुष्कळ होतं.

तलावाची जबाबदारी एका मॅडमकडे होती. त्या सरकारी अधिकारी. रोज ठेकेदाराला फोन लावायच्या आणि तिकडून रोज एकच उत्तर यायचं, "मॅडम, माणूस वाटेतच आहे." पोहणाऱ्यांनी तर समोरच्या रिकाम्या खुर्चीचं नावच 'वाटेवरचे पाहुणे' ठेवलं. "पाहुण्यांना नमस्कार सांगा," म्हणत पाण्यात उतरायचे. मॅडमनी पत्रं लिहिली, बिलातून दंड कापला. ठेकेदाराने तो मुकाट्याने कापून घेतला. तीन माणसांच्या पगारापेक्षा दंड स्वस्त पडत होता, मग त्याचं काय बिघडणार?

बिघडायचं होतं ते शिंपीकाकांचं. दुकान मुलाच्या हाती देऊन म्हातारपणी पोहायला शिकलेले. हौस दांडगी, दम बेताचा. त्या सकाळी उथळ बाजूला एका मुलीच्या पायात गोळा आला, ती रडायला लागली. ताई तिला कडेला घेत होती. तेवढ्यात काका खोल बाजूला गेले आणि वर आलेच नाहीत.

त्या बाजूची खुर्ची रिकामी होती. बघणारं कुणी नव्हतं.

ताईने मान वळवली आणि मला अशी फुंकली, की माझं अंग फाटेल असं वाटलं. पुढच्या क्षणी आम्ही दोघी पाण्यात होतो. तिने काकांना काखेतून धरून वर आणलं, काठावर पालथं केलं, पाठीवर थापा मारल्या. ते खोकले.

मॅडम धावत आल्या. "दुसरं कोण होतं खोल बाजूला?"

"वाटेवरचे पाहुणे," ताई म्हणाली. हसली नाही. तिचा हात माझ्या दोरीवर होता. "मॅडम, आज मी मान वळवली. उद्या नाही वळवली तर?"

मॅडमनी तिथेच सगळ्यांना बाहेर काढलं आणि फाटकाला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी ही गर्दी. "काका वाचले ना? मग एवढ्याशासाठी तलाव बंद?" एकजण तावातावाने बोलत होता.

शिंपीकाका मफलर गुंडाळून मुद्दाम आले होते. "एवढंसं की केवढं ते मला विचारा," ते म्हणाले. "अर्धा तलाव अजून माझ्या पोटात आहे."

गर्दी हसली आणि पांगली. पण वरून मॅडमना फोन येऊ लागले. मॅडमचं एकच म्हणणं, "चार माणसं उभी करा, मी कुलूप काढते."

ठेकेदाराने खरंच तीन माणसं आणली. खोकं उघडलं, माझ्या बहिणींना पहिल्यांदा गळे मिळाले. मॅडम ताईला म्हणाल्या, "यांना पोहायला लाव." दोघं बरे निघाले. तिसरा काठावरच उभा.

"उतरा की दादा," ताई म्हणाली.

"ताई, मी माळी आहे," तो ओशाळून म्हणाला. "पाणी झाडांना घालतो. स्वतः कधी उतरलो नाही. साहेब म्हणाले, नुसतं खुर्चीवर बसायचंय."

मॅडमनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि ठेका रद्द व्हावा म्हणून वर लिहिलं. बऱ्याच खटपटीनंतर तो झाला. नव्या कंपनीची माणसं आधी पाण्यात तपासली गेली. पण ती कंपनी आपली माणसं, आपल्या शिट्ट्या घेऊन आली. मॅडमनी ताईसाठी शब्द टाकला, पुन्हा टाकला. "बघतो," कंपनीवाले म्हणाले. बघितलं नाही. जिने एकटीने तलाव सांभाळला, ती जुन्या ठेकेदाराची म्हणून गेली.

जायच्या दिवशी तिने मला नळाखाली धुतलं, टॉवेलच्या टोकाने पुसलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"असू दे तुझ्याकडे," मॅडम म्हणाल्या.

"नको. ठेकेदाराची आहे. उद्या कुणी म्हणायला नको, जाताना शिट्टी घेऊन गेली."

"कुठे जाणार?"

"बहिणीकडे. तिकडेही तलाव असेलच की एखादा."

मॅडमनी मला उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तरी त्यांना ते लागलं.

तेव्हापासून मी त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, रबरबँड आणि टाचण्यांच्या संगतीत. चारही खुर्च्या आता भरलेल्या असतात. बाहेर नव्या शिट्ट्या वाजतात आणि मला बरं वाटतं, अगदी मनापासून. शिंपीकाका दर आठवड्याला येऊन विचारतात, "ताईचा काही पत्ता?" मॅडम मान हलवतात. मी दोरीची गुंडाळी करून पडून राहते आणि आठवत राहते सकाळचे ते ठोके.

तुम्ही कधी कुठल्या तलावावर गेलात आणि उंच खुर्चीवर केस घट्ट बांधलेली बाई दिसली, तर तिला हाक मारू नका. ती पाण्याकडे बघत असेल. सगळे बाहेर येईपर्यंत थांबा. मग तिला एवढंच सांगा, की ठेकेदार मला न्यायला अजून आलेला नाही आणि आता येणारही नाही.