कोंढ्याच्या बोडीत उतरलेली पोरगी

शकुनचं सुलोचनाशी कधी भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं.

दोघी नागपूरच्या क्लबात ग्लायडर उडवायच्या. शकुन जवाहरनगरच्या कारखान्यात टायपिस्ट. दर रविवारी पहिली बस धरून नागपूर गाठायची. सुलोचनाला तिचे वडील गाडीनं सोडायचे आणि ती उतरली की सगळे तिच्याच भोवती जमायचे. सहा वर्षं शकुन हे बघत होती.

१९८२ च्या एप्रिलमध्ये स्पर्धा होती. नागपूरहून निघायचं, पवनीला वैनगंगेचा वरून फोटो घ्यायचा आणि परत यायचं. इंजिन नाहीच. तापल्या जमिनीवरून उठणारी हवा सापडली की तिच्यावर चढायचं, पुढची सापडेपर्यंत घसरत जायचं.

पवनीचा फोटो दोघींनी पाठोपाठ काढला. परतताना नेमकी कोंढ्यावर, शकुनच्याच गावावर, हवा मेली. शकुन हजार फुटांवर आली तेव्हा तिला डावीकडे चार घारी पंख न हलवता वर जाताना दिसल्या. ती त्यांच्याखाली शिरली आणि ग्लायडर उचललं गेलं. सुलोचना बरीच मागे होती.

"शकुन, तुला काही सापडलं का?" रेडिओवर तिचा आवाज आला.

शकुनचं बोट बटणावर गेलं. 'घारींकडे ये', एवढंच म्हणायचं होतं. तिनं बोट काढून घेतलं.

पहिला नंबर शकुनचा आला. टाळ्या वाजत असतानाच फोन आला, की सुलोचना कोंढ्याच्या बोडीत, गावाजवळच्या आटलेल्या तळ्यात, सुखरूप उतरली आहे. ग्लायडर आणायला जीप आणि ट्रेलर निघाला. रस्ता ठाऊक म्हणून शकुनलाही बसवलं.

ते पोचले तेव्हा दिवस कलला होता. शकुनच्या अंगणात अर्धं गाव लोटलं होतं. बाजेवर सुलोचना बसली होती, अंगावर शकुनच्या आईचं हिरवं लुगडं. शकुनची आई बेबीबाई तिला पंख्यानं वारा घालत होती. सहा वर्षांत जी एकदाही मैदानावर आली नव्हती ती.

"आली काय वं शकुन! पाय, हे पोरगी आभाळातून उतरली. केवढी धीट हाय!"

"मीबी हेच करून राहिली ना, माय. सहा वर्सं झाले."

"तुयं नुसतं आयकतो. हिले म्या डोळ्यानं पायलं. तू काहून नाही उतरली कधी इथं?"

"मी आज जिंकली, माय."

"हो काय? बस, जेवून घे."

शकुन जेवली नाही. बोडीवर जाऊन ती ग्लायडरचे पंख सोडवू लागली. थोड्या वेळानं सुलोचना आली आणि तिनं पंखाचं दुसरं टोक धरलं.

"माझा आवाज आला होता ना तुला?"

"आला होता."

"मग?"

"सांगितलं नाही."

सुलोचनानं पंख उचलला. पंख ट्रेलरवर चढला. मग ती म्हणाली, "मी उतरल्या उतरल्या तुझ्या आईनं काय विचारलं माहीत आहे? 'माही शकुन इतक्या उंचावर असते, तवा तिले भेव लागते काय?'"

शकुनचे डोळे भरून आले. पण त्याहीआधी तिच्या मनात आलं, की आईनं हेसुद्धा हिलाच विचारलं.