सव्वाशे मीटर कमी

फर्रर्र, फर्रर्र. हा आवाज मी फार पूर्वी ऐकला. चार वर्षांच्या एका मुलीने खोक्याचा पुठ्ठा कापून कपड्याच्या चिमट्याने माझ्या स्पोकमध्ये अडकवला होता. तिला वाटायचं, सायकलची मोटारसायकल झाली. सगळी गल्ली कान झाकायची आणि ती पोर हसत सुटायची.

मी एक चाक बोलतोय. अंतर मोजायचं चाक. तेव्हा मात्र मी त्या मुलीच्या सायकलचं पुढचं चाक होतो.

मुली भराभर वाढतात. दोन वर्षांत तिचे गुडघे हँडलला लागायला लागले आणि मी शेडमधल्या खिळ्यावर गेलो. तिचे वडील वेल्डर. शेडमध्ये दिवसभर ठिणग्या उडायच्या, मी वरून बघायचो. माणूस अबोल. गिऱ्हाइकाने दहा प्रश्न विचारले तर एकाला उत्तर द्यायचा, तेही मान हलवून.

पुढे त्यांची बायको आजारी पडली. दवाखान्यात डायलिसिसची दोनच मशीनं होती आणि बाहेर बाकावर वीस माणसं. बायको गेली. त्यानंतर गावातल्या सहा-सात जणांनी धावण्याचा क्लब काढला आणि डायलिसिसच्या वॉर्डाला देणगीतून मशीन मिळावं म्हणून दहा किलोमीटरची शर्यत ठरवली. रस्ता मोजणार कोण, असा प्रश्न आला. वेल्डर म्हणाले, "मी बघतो." सगळी सभा त्यांच्याकडे वळून बघायला लागली, कारण ते बोलले होते.

त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. टायरखाली रबराची पट्टी घालून माझा घेर बरोबर एक मीटर केला. लांब दांडा जोडला, जुन्या यंत्रावरची आकडे फिरणारी डबी बसवली. एक फेरी झाली की लोखंडी पट्टी आपटायची, टक. दहा हजार टक म्हणजे शर्यत.

तेव्हापासून गावाने त्यांचं नाव मोजणीकाका ठेवलं.

दर वर्षी शर्यतीच्या आधी काका मला शाळेच्या मैदानावर न्यायचे. तिथे पोलादी फितीने शंभर मीटर मोजून दोन टोकांना दोन खिळे ठोकले होते. त्या खिळ्यांमध्ये मला चालवून बघायचे. बरोबर शंभर टक भरले तरच रस्त्यावर काढायचे, नाहीतर टायरखालची पट्टी बदलायचे. मागून क्लबातला न्हावी खडू घेऊन चालायचा आणि त्याचं तोंडही चालायचं.

"काका, जरा आखूड मोजा की. म्हाताऱ्यांना तेवढीच सवलत."

काका नुसते हसायचे. आकडा चुकेल म्हणून बोलायचे नाहीत.

अकरा वर्षं असं चाललं. वॉर्डात दोनाची पाच मशीनं झाली. ती मुलगी त्याच वॉर्डात नर्स झाली आणि क्लबात सगळ्यांत जोरात पळायला लागली. रात्रपाळी करून थेट सरावाला यायची. तिला मोठ्या शर्यतीत जायचं होतं. तिथे प्रवेशाची अट एकच होती, मोजलेल्या रस्त्यावर दहा किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत.

बाराव्या वर्षी पूल दुरुस्तीला निघाला आणि रस्ता बदलावा लागला. शाळेच्या मैदानावर फरशी बसली होती, दोन्ही खिळे खाली गाडले गेले होते. काकांनी फरशीवरून पायाने चाचपून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कुठे चुकतोस?"

तेवढा एक विश्वास ठेवला त्यांनी. वर्षभर सरावाचे रस्ते मोजून माझं रबर किती झिजलं, ते मला कळत होतं. पण चाकाला तोंड कुठे असतं? दोन मिलिमीटर रबर गेलं होतं. घेर लहान झाला, म्हणजे थोड्या वाटेतच फेरी पुरी होणार. दवाखान्याच्या दारासमोर दहा हजार टक झाले, काकांनी रेघ मारली आणि कागदावर सही केली.

त्या रेघेवर पोर एकोणचाळीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत पोहोचली. वॉर्डातले पेशंट खिडकीशी आले होते. काकांनी मला भिंतीला टेकवलं आणि डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे.

तीन आठवड्यांनी मोठ्या शर्यतीचा फॉर्म आला. त्यावर रस्ता मोजणाऱ्याची पुन्हा सही हवी होती. काकांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं. फरशीखालचे खिळे आठवले असावेत. मग शेडबाहेर गल्लीत पोलादी फीत अंथरली आणि मला तिच्या कडेने चालवलं. शंभर टक झाले, फितीवर आकडा होता अठ्ठ्याण्णव मीटर पंचाहत्तर. त्यांनी पुन्हा चालवलं. मग तिसऱ्यांदा. तेवढाच.

म्हणजे अख्खा रस्ता सव्वाशे मीटर कमी. तेवढं अंतर तिच्या पायांना अर्ध्या मिनिटाचं. चाळीस मिनिटांच्या आतली तिची वेळ खोटी.

क्लबाची बैठक औषधवाल्या अध्यक्षांच्या दुकानामागच्या खोलीत असते. काकांनी मला टेबलावर आडवं ठेवलं, सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं सलग मी कधी ऐकली नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, "काका, झाकली मूठ राहू द्या ना. कोण मोजायला येणार आहे?"

"मी येणार. पुढच्या वर्षी."

"आणि देणगी देणारे? ते म्हणतील, ह्यांचा रस्ता खोटा तर बाकीचं काय खरं?"

 चिटणीसबाईंनी विचारलं, "मुलीला सांगितलंत?"

काकांनी माझ्या दांड्यावरची धूळ अंगठ्याने पुसली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. मोजणी करणाऱ्याच्या चुकीमुळे यंदाच्या सगळ्या वेळा रद्द. संध्याकाळपर्यंत गाव म्हणायला लागलं, बापानेच पोरीसाठी रस्ता आखूड केला, आता अंगाशी येईल म्हणून कबुली दिली. न्हावीसुद्धा दुकानात म्हणाला, "मी थट्टेत बोललो होतो काका, तुम्ही मनावरच घेतलंत." गिऱ्हाइकं हसली. काका अर्धी दाढी तशीच ठेवून उठले.

मुलीला वॉर्डातल्या एका पेशंटकडून कळलं. हाताला सुई लावून घेता घेता तो म्हणाला, "सिस्टर, तुमची धाव रद्द झाली म्हणे."

ती गणवेशातच शेडमध्ये आली.

"सगळ्या गावाला सांगितलंत बाबा. माझा पत्ता माहीत नव्हता?"

काकांनी चष्मा काढला.

"मी स्वतः नाव मागे घेतलं असतं. मला नुसतं सांगितलं असतंत तर मीच जाऊन त्यांना सांगितलं असतं. तेवढंसुद्धा ठेवलं नाहीत माझ्यासाठी."

"बाळ, ते…"

ती थांबली होती. चांगली थांबली होती. पण पुढे शब्द आला नाही, आणि ती गेली. नंतर तिने क्लबही सोडला.

आता तुम्हाला एक सांगतो. बैठकीच्या दिवशी काका आधी वॉर्डातच गेले होते. मी बरोबर होतो. बाहेरच्या बाकावर, जिथे एकेकाळी त्यांची बायको नंबर लागायची वाट बघत बसायची, तिथे ते मला मांडीवर घेऊन दीड तास बसले. काचेतून पोर दिसत होती. एका म्हातारीची उशी सारखी करत होती, कुणालातरी हसवत होती. काका दोनदा उठले, दोनदा बसले. मग बैठकीची वेळ झाली.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. क्लबाने आता मोजणीचं काम बाहेरच्या कंपनीला दिलंय. आकाशातल्या उपग्रहावरून मोजतात म्हणे. माझं काही नाही, मी भंगारात गेलो तरी चालेल, खोट माझ्यातच होती. पण तुम्हाला ती पोर कुठे भेटली तर त्या बाकाचं तेवढं सांगा. मला सांगता येत नाही, आणि त्यांना तर माझ्याहून येत नाही.

काल पहाटे काकांनी मला नवं टायर बसवून बाहेर काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत सगळा रस्ता पुन्हा मोजला. दहा हजारावा टक दवाखान्याच्या कपडे धुण्याच्या खोलीसमोर पडला. तिथे ते खाली बसले आणि ब्रशने पांढरी रेघ ओढायला लागले.

रात्रपाळी संपवून पोर मागच्या दाराने बाहेर आली. त्यांना बघून थबकली.

"इथे येते बघ," काका म्हणाले. "खरी."

तिने रेघेकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"त्या दिवशी मी…" काका म्हणाले. ब्रशमधून रंग त्यांच्या बुटावर ठिबकत होता. "त्या दिवशी… आता नवं टायर बसवलंय ह्याला."

 तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग ओल्या रंगावर पाय पडू नये म्हणून एक लांब पाऊल टाकलं आणि चालत निघून गेली.