बिनजाळाचं रोप

कुशाबाईनं दिराचं मनगट मोडलं ते भर दुपारी, साऱ्या वाडीदेखत, कपडे धुवायच्या धोपाटण्यानं. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांत अजून सांगतात की म्हातारीच्या अंगात आलं होतं. अंगात बिंगात काही आलं नव्हतं. जे होतं ते साठ वर्षं अंगातच होतं.

भांडण राबाचं. भाताचं रोप टाकायचं तर आधी ती जागा भाजायची, ही डोंगरातली रीत. शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, वरून माती, असे थर रचायचे आणि वैशाखात काडी लावायची. तण मरतं, रोप तरारतं. पण एकेका राबापायी वीस-वीस झाडं बोडकी होतात आणि बोडका डोंगर तव्यासारखा तापतो. वाडीला झरा एकच. कुशाबाई नवी नवरी होती तेव्हा तो मृगापर्यंत पुरायचा. पुढं पुढं चैत्रातच आटायला लागला. पाऊस वेळेवर येईना, आला तर आठ दिवसांचा एका दिवसात कोसळून बांध फोडून जायचा.

सात वर्षांमागं कुशाबाईनं बायका जमवून झऱ्याच्या माथ्यावरच्या झाडीत कुऱ्हाड बंद केली. खालच्या उतारावर हिरड्याची रोपं लावली, डोक्यावरून हंडे वाहून जगवली. पोटच्या पोरांना तिनं इतकं पाणी पाजलं नव्हतं. झरा पुन्हा वैशाख गाठू लागला. मग तिनं दुसरा हट्ट धरला, की राब भाजायचाच नाही, गादीवाफ्यावर शेणखत घालून रोप करायचं. मंचरहून आलेला शेतीखात्याचा साहेब म्हणाला, हवामान बदलतंय, बाईंचं खरं आहे, दरवर्षी दोन घरं तयार करू, दहा वर्षांत सारी वाडी होईल. कुशाबाईनं त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि विचारलं, "आन दहा वर्सं आमी काय तुमच्या खिशातलं पानी प्यायचं?"

तिनं एका बैठकीत साऱ्या घरांकडून होकार घेतला. एकटा रखमाजी, तिचा धाकटा दीर, उठून गेला. आगीची आणि वाऱ्याची जाण त्याच्याइतकी पंचक्रोशीत कुणाला नव्हती, आणि त्याचा त्याला माज होता. वयनीनं शिकवलेली शेती करण्यापरीस हातात बांगड्या भरीन, असं तो पारावर बसून बोलला.

त्या दुपारी बायका झऱ्यावर धुणं धूत होत्या. कुशाबाईची सून वैजयंती धापा टाकत आली. रखमाजीकाकांनी राब रचलाय, काडीपेटी घेऊन बसलेत, म्हणाली. कुशाबाई ओलं धोपाटणं हातात घेऊन तशीच निघाली, मागं दहा बायका.

आणि रखमाजीनं जन्मात केली नव्हती ती चूक केली. राब वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून पेटवायचा, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत दमानं सरकते आणि जमीन खोल भाजते. हे तोच साऱ्यांना शिकवायचा. पण बायका येताना दिसल्या. त्या पोचायच्या आत उरकावं म्हणून त्यानं वाऱ्याकडूनच काडी लावली.

राब पेटला नाही, फुटला. जळता पाला उडाला आणि वरच्या वाळल्या गवतात पडला. गवतानं तो गिळला आणि आग डोंगर चढायला लागली. रखमाजी तरीही राबाच्या दुसऱ्या टोकाला काडी ओढत होता तेवढ्यात कुशाबाई पोचली. धोपाटणं खाली आलं. हाड मोडल्याचा आवाज आगीच्या आवाजातसुद्धा ऐकू आला.

वाडीतल्या भागूचा गोठा त्याच उतारावर होता. भागू कोयता घेऊन धावला, याला आगीतच लोटतो म्हणाला. कुशाबाईनं त्याच्याही गुडघ्यावर एक ठेवून दिली. याला मारायचा मान माझा, तू जा आणि गुरं सोड, असं तिनं सांगितलं. मग दिराची मानगूट धरली.

"सांग मेल्या. कुठं थांबंल ही?"

"न्हाई थांबायची." रखमाजीनं मोडलेलं मनगट छातीशी धरलं. "झाडीखालच्या पायवाटंवरनं उलटी आग सोडावी लागंल, हिच्या वाटंतलं आपनच आदी जाळायचं."

"मधी हिरडं हायत माजं."

"मग झरा सोड."

आग वरच्या झाडीत शिरू नये म्हणून बायकांनी हिरव्या डहाळ्यांनी पायवाट झाडून काढली. एक ससा पेटत्या अंगानं त्यांच्या पायांतून गेला. वैजयंतीच्या तळहातांची साल निघाली तरी ती झाडत राहिली. त्यांच्यातल्या झुंबरबाईची गाभण शेळी खाली दाव्याला होती. तिचं ओरडणं ऐकू आलं आणि मग बंद झालं. कुशाबाई पेटतं लाकूड घेऊन उभी होती. समोर तिची हिरड्याची झाडं, खांद्याएवढी झालेली.

"लावू?"

"थांब. आग सोताकडं वारा वढायला लागू दे."

धूर तोंडावर येत होता तो एकाएकी मागं फिरला.

"आता, वयनी."

तिनं स्वतःच्या हातानं लावली. सात वर्षं तडतडत गेली. दोन आगी एडक्यांसारख्या एकमेकींवर धडकल्या, जाळ आभाळाला भिडला आणि खायला काही उरलं नाही तसा बसला. माथ्यावरची झाडी वाचली.

मग माणसं रखमाजीवर तुटून पडली. दोन-चार लाथा कुशाबाईनं बसू दिल्या. त्या त्याच्या हक्काच्या होत्या. मग मध्ये शिरून तिनं त्याच्या मनगटाला बांबूच्या कांबी लावल्या, लुगड्याची पट्टी फाडली आणि अशी आवळली की तो बैलासारखा ओरडला.

"जळल्या राबाशेजारच्या तुकड्यात मी तुला बिनजाळाचं रोप करून देते," ती म्हणाली. "न्हाई उगवलं तर हेच धोपाटणं घे आन माजं मनगट मोड."

"दोन्ही," रखमाजी म्हणाला.

"दोन्ही."

दुसऱ्या दिवशी घराघरानं बैठकीआधीच रचून ठेवलेला राब उपसला आणि जळल्या उतारावर नेऊन अंथरला, पावसानं माती धुऊन नेऊ नये म्हणून. त्या वर्षी वाडीत पुन्हा राबाला काडी लागली नाही.

पेरणी झाली. रखमाजी रोज सकाळी गळ्यात हात अडकवून, दुसऱ्या हातात धोपाटणं घेऊन बांधावर येऊन बसायचा. सात दिवस नुसती काळी माती. कुशाबाई येता-जाता त्याच्यापुढं मनगटं धरायची, बघून ठेव म्हणायची. पण रात्री तिला घास उतरत नव्हता, हे वैजयंतीला ठाऊक होतं. आठव्या दिवशी कोंब दिसले. तणही दिसलं, भरपूर. दहा बायका तीन दिवस वाकून तण बेणत होत्या आणि कुशाबाईला शिव्या देत होत्या. ती एकीच्या दोन परत करत होती. रखमाजीच्या घाईनं भाजलेल्या तुकड्यातही तण तेवढंच होतं. रोप मात्र दोन्हीकडं वीतभर झालं. बिनजाळाचं जरा पिवळं, एवढंच.

लावणीला रखमाजी आला तो मोकळ्या हातानं. कुशाबाईनं विचारलं, धोपाटणं कुठाय. घरी विसरलो, म्हणाला, आणि डाव्या हातानं रोप उपटायला बसला. विसरला कसला. कुशाबाईनं ते परत मागितलं नाही. तिच्याकडं दुसरं होतं.